जात्यावरचा रेकॉर्ड प्लेअर

जवळा बाजारातलं माझं दुकान इतकं अरुंद होतं, की गिऱ्हाइकाला शिंक येणार असं दिसलं की मला आधी बाहेर यावं लागे. पाटीवर 'रेडिओ, टेप, अॅम्प्लिफायर दुरुस्ती' असं रंगवलं होतं. पण पाटी दुकानापेक्षा लांब निघाली, आणि 'दुरुस्ती' हा शब्द शेजारच्या खताच्या दुकानावर जाऊन बसला. लोक त्या बिचाऱ्याला युरियाची दुरुस्ती विचारायचे.

हे वाचून दाखवलं तेव्हा मागून आमची बायको, कांता, म्हणाली, "पाटी लांब न्हवती. तिरपी व्हती."

बरं, तिरपी होती.

तर दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असा निरोप आला आहे. उभी हयात सोल्डरिंगच्या धुरात गेली, सांगायला पुष्कळ आहे. एका रेडिओत उंदरांच्या तीन पिढ्या नांदत होत्या आणि आजोबा उंदराला बातम्यांची वेळ पाठ झाली होती, तेही सांगता येईल. पण मला एकाच यंत्राचं सांगायचं आहे. कारण मी पुष्कळ यंत्रांचा आवाज दुरुस्त केला. ह्या एका यंत्रानं माझे कान दुरुस्त केले.

ज्यांनी रेकॉर्ड प्लेअर फक्त चित्रात पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेकॉर्डला आमच्याकडे तवा म्हणत. तव्यावर केसाएवढी एक चरी असते, बाहेरून आत गोल गोल जाणारी. तिच्या दोन्ही भिंतींवर डोळ्याला न दिसणाऱ्या खाचा असतात. गाणं म्हणजे त्या खाचा. तवा फिरतो, दांडीच्या टोकाची सुई चरीतून चालते, खाचांमुळे थरथरते. सुईच्या डोक्यावर पिकअप नावाची डबी असते, ती त्या थरथरीची वीज करते. अॅम्प्लिफायर ती वीज वाढवतो आणि कर्णा ती पुढच्या गावातल्या झोपलेल्या माणसापर्यंत पोचवतो.

आता आमच्या भागातला रिवाज. लग्नाच्या मांडवात पोरं नाचायची, जमीन हालायची, सुई उडायची. त्यावर साऱ्या मंडपवाल्यांचा एकच इलाज होता: दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवायचं. नाही भागलं तर आठ आण्याचं. एका बहाद्दरानं दांडीला कुलूप लटकवलेलं मी ह्या डोळ्यांनी पाहिलं आहे, किल्लीसकट. सुई उडायची थांबे हे खरं, पण मग ती चरीत चालत नसे, नांगरत असे. दोन हंगामांत तव्यावर गाणं उरत नसे, नुसती ढेकळं.

पुढं कॅसेट आल्या. मंडपवाल्यांनी रेकॉर्ड प्लेअर टाकून दिले, किंवा माझ्याकडं दुरुस्तीला टाकून परत आलेच नाहीत, म्हणजे तेच. असं एक यंत्र माझ्या फळीवर पडून होतं. मी त्यावर चहाचा कप ठेवत असे.

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. होळी महिन्याभरावर आली होती. बाजारच्या दिवशी लाल पागोट्याचा एक उंच माणूस दुकानात शिरला, म्हणजे अर्धा शिरला, कारण अख्खा मावत नव्हता. औंढ्याच्या डोंगराकडल्या तांड्याचा हा नायक, म्हणजे मुखिया, थावरा राठोड. छातीशी धोतराच्या फडक्यात काहीतरी घट्ट धरलेलं. मला वाटलं लेकरू आहे.

"मिस्त्री, हे वाजवून द्या."

फडक्यातून छोटा तवा निघाला. बशीएवढा. वरचा कागद उंदरानं नाही, काळानं खाल्लेला. उन्हात धरला तर काळ्याचा राखाडी झाला होता. नाण्याचं काम.

"नायक, हा तवा न्हाई राहिला. हे वावर झालं," मी म्हणालो.

"आमच्या मशीनवर लावलं की भजे तळल्यावानी आवाज येते. मधीच बा बोलते एक शब्द. मंग पुन्यांदा भजे."

"बा म्हंजी?"

"हेमला नायक. माझा बा. त्याचा आवाज हाय ह्याच्यात."

मग त्यानं बसून सांगितलं, म्हणजे उंबऱ्यावर बसून. बंजारा तांड्यात वर्षभरात मुलगा जन्मला की होळीच्या दुसऱ्या दिवशी त्याची धुंड करतात. बाळाला मांडीवर घेऊन आई बसते, वर एक काठी आडवी धरतात आणि गेरिया, म्हणजे होळीला जमणारी पुरुषमंडळी, आपापल्या काठ्या त्या काठीवर आपटत आशीर्वाद म्हणतात. त्याला वाजणा म्हणतात. एकजण पुढं म्हणतो, बाकीचे काठीनं हुंकार भरतात. ओळीमागून ओळ, बाळ मोठा होईल, त्याची गुरं वाढतील, असं बरंच लांब चालतं. थावराच्या बापाचा वाजणा इतका गाजलेला, की हैदराबादच्या कुठल्याशा बारक्या कंपनीनं साऱ्या मंडळीला, बायालेकरांसकट, नेऊन त्याचा तवा काढला होता. आता हेमला नायक गेला होता, त्याच्या बरोबरीचे गेरियाही गेले होते.

"तुमाला येत न्हाई?" मी विचारलं.

"होळीला आमी कुठं असतो मिस्त्री? ऊसतोडीला. कारखान्यावर. जवान झालो तवापासून एक होळी तांड्यात केली न्हाई, औंदाच राहिलो. सुरुवात येते, मंग गाडी अडते. साऱ्या पिढीचं तेच."

थावराला नातू झाला होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सुनेच्या मांडीवर आलेलं पहिलं लेकरू. आणि सुनेच्या माहेरचा तांडा सेनगावकडचा. तिच्या बापानं निरोप पाठवला होता: तुमचे लोक उसात, तुमच्याकडं वाजणा म्हणणारा कोणी उरला नाही, काळजी नको, आमचे गेरिया घेऊन येतो.

"काळजी नको म्हने," थावरा म्हणाला. "नायकाच्या घरची धुंड भाड्याच्या तोंडानं व्हनार. मी पागोटं काढून त्याच्याच हातात द्यावं."

मी तवा पुन्हा उन्हात धरला. नाण्याखालची जाड सुई चरीच्या वरच्या अंगानं घासत गेली होती. पण चरी खाली निमुळती असते. बारीक, हलकी सुई मिळाली तर ती अजून खाली उतरेल, जिथं नांगर पोचलाच नाही. वरची माती गेली तरी तळाची शाबूत असू शकते. शेतकऱ्याला हे लगेच कळतं. थावरालाही कळलं.

"मंग उतरवा."

"तवा ठेवून जा. मशीन तयार करून लावून बघतो."

"तवा ठेवनार न्हाई."

"मंग मी तयार कसं करू?"

"दुसऱ्या तव्यावर करा. आमचा तवा तांड्यातच वाजन," असं म्हणून त्यानं फडकं बांधलं आणि निघाला. जाताना फळीवरच्या यंत्रावरचा माझा कप उचलून खाली ठेवून गेला.

त्या महिन्यात मी त्या मंडपाच्या यंत्राचं जे केलं ते विलायतेत कुणी केलं असतं तर त्याचा पुतळा झाला असता.

आधी नांदेडला गेलो, भंगारवाल्या सुलेमानभाईकडं. त्यांच्या दुकानात शोधलं तर विमानही निघालं असतं, फक्त पंखे वेगळ्या पोत्यात. मी म्हणालो, मंडपाचं पिकअप नको, चुंबकाचं पाहिजे. मंडपाचं पिकअप ओरडतं, पण जड असतं. चुंबकाचं कुजबुजतं, पण फुलपाखरासारखं बसतं. सुलेमानभाईंनी हैदराबादहून आलेल्या एका मोडक्या परदेशी यंत्राचं डोकं उचकटलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"लेके जाव मिस्त्री. चला तो मेरेकू दुआ देव. नै चला तो वापस नक्को लाव."

सुई शाबूत होती. भिंगाखाली बघितली तेव्हा मी बाजूला तोंड करून श्वास घेतला. आजही सुलेमानभाईंचं नाव निघालं की ती दुआ देतो, चक्रवाढीनं.

कुजबुज वाढवायला मधे एक छोटा अॅम्प्लिफायर लागतो. तो मी एका मेलेल्या टेपच्या सर्किटपट्टीतून काढला आणि त्याचे दोन-तीन कंडेन्सर बदलून त्याला तव्याची भाषा शिकवली. थाळी फिरवणारं रबरी चाक वाळून खडखडीत झालं होतं, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला धब-धब व्हायचं. वसमतच्या लेथवाल्याकडून स्कूटरच्या रबरी बुशचं नवं चाक कातून घेतलं. तो म्हणाला, "एवढ्या बारक्या स्कूटरवर बसतं कोण?"

मग दांडी. हलकं पिकअप म्हणजे दांडीही तोलून पाहिजे, मागं तेवढंच वजन पाहिजे. घरात बघितलं तर शिलाई मशीनच्या पितळी बॉबिन होत्या. त्या दांडीच्या शेपटीवर इतक्या बेतात बसल्या, की जणू कारखान्यानं त्यासाठीच केल्या होत्या.

"न विचारता घेतल्या ते लिवा," कांता मागून.

लिहिलं.

सुईचा भार मोजायचा कसा? आमच्या बाजारात एवढं बारीक तोलणारा एकच माणूस होता, सोनार. त्याच्या पेढीवर यंत्र नेलं, तराजूच्या एका पारड्यावर सुई टेकवली, दुसऱ्यात तो एकेक गुंज टाकत गेला. सरकी-सोयाबीन विकून पाटल्या करायला आलेल्या बाया खोळंबून बघत होत्या. सोनार गंभीरपणे म्हणाला, "मिस्त्री, दागिना छान हाय. मोडून काय येईल?"

एवढं करून मी लग्नाचा एक जुना तवा लावला. गाणं उघडलं. पण गाण्याच्या मागं एक घोंघाट होता, म्हैस विहिरीत पडून रागावली असावी तसा. मोटरीची थरथर यंत्राच्या पेटीतून दांडीत चढत होती. मोटर सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांवर टांगली, म्हैस लांब गेली. पण विहिरीतच राहिली. यंत्राखाली काहीतरी असं पाहिजे होतं जे कशानंच हालत नाही. मी घरभर नजर फिरवली. कांतानं ती नजर ओळखली.

"जात्याला हात लावू नका," ती म्हणाली.

जात्याची खालची तळी म्हणजे काळा फत्तर. त्यावर दुमडलेलं घोंगडं, घोंगड्यावर यंत्र. घोंघाट गेला. असा गेला, की मला तव्यावर गाणाऱ्या बाईच्या बांगड्या ऐकू आल्या. त्या काचेच्या होत्या आणि एक पिचकलेली होती. कांताचं म्हणणं, पिचकलेली ऐकू आली नव्हती. ती त्या वेळी जात्याकडं बघत होती, बांगड्यांकडं तिचं लक्ष नव्हतं.

होळी आठवड्यावर असताना मी यंत्र, अॅम्प्लिफायर, स्पीकर, व्होल्टेजचा स्टॅबिलायझर आणि जात्याची तळी घेऊन जीपमध्ये बसलो. मंडपाचा कर्णा नेला नाही. कर्णा ओरडतो, मला ऐकायचं होतं. ड्रायव्हरनं तळी मागं चढवली आणि विचारलं, "मिस्त्री, दळायला चालले का वाजवायला?"

जीपमधले सगळे हसले. मीही हसलो. पण चढ आला तेव्हा तळी ज्यांच्या पायांवर सरकली ते हसायचे थांबले.

थावराच्या घरापुढं पिंपळाखाली मांडामांड केली. भोवती म्हातारी माणसं, सुना, लेकरं. ऊसतोडीहून धुंडीसाठी मुद्दाम आलेले थावराचे दोन पोरगे. पण बाजूला, भिंतीला टेकून थावराची आई बसली होती, झमकूबाई. आरशांचं भरतकाम करत होती, मान खाली. एवढं जातं उतरलं तरी तिनं वर बघितलं नाही.

मी रिठ्याच्या पाण्यात मऊ फडकं भिजवून तवा पुसला. पाणी काळं निघालं. दुपारी शेतातले पंप बंद होईपर्यंत थांबलो, कारण पंप चालू असले की व्होल्टेज इतकं उतरायचं, की बल्ब पेटला आहे की नाही हे बघायला दुसरा बल्ब न्यावा लागे. पंप थांबले. मी सुई हातानं नाही, श्वासानं खाली सोडली.

आधी भजी. मग भजी बारीक झाली, बारीक होत होत राईच्या फोडणीएवढी उरली आणि त्यातून काठ्या पडल्या. लाकडावर लाकूड, कोरडं, बराबर तालात. आणि हेमला नायक म्हणायला लागला.

म्हातारे पुढं सरकले. थावरा उकिडवा बसला, त्याचे ओठ हलायला लागले. सुरुवात त्याला येत होती. एक ओळ, काठ्या. दुसरी, काठ्या. मग जिथं त्याची गाडी अडायची ती जागा आली आणि हेमला नायक तव्यातही थांबला. एक श्वासभर. त्या श्वासात, गेरियांच्या मागून, लांबून, एका बाईचा आवाज आला. दबका. पुढच्या ओळीचे पहिले शब्द. आणि लगेच नायकाचा दणदणीत आवाज तीच ओळ घेऊन पुढं निघाला.

मला वाटलं यंत्रात काही बिघडलं. पण पुढच्या ओळीला तेच. नायक थांबे, मागून बाई कुजबुजे, नायक गर्जे.

थावराचे ओठ थांबले. त्यानं मान वळवली. पिंपळाखालची सगळी माणसं एकेक करून त्याच दिशेला वळली.

झमकूबाईच्या हातातली सुई कापडात अर्धी अडकून राहिली होती.

"बंद कर ते," ती मला म्हणाली.

मी दांडी उचलली. आयुष्यात इतक्या पटकन मी कुणाचं ऐकलं नाही.

"याडी," थावरानं त्यांच्या बोलीत आईला हाक मारली. "हा तुझा आवाज हाय."

ती अडकलेली सुई सोडवायला लागली.

"तुला येते वाजणा? सारा? आन् मी महिनाभर तवा छातीला बांधून फिरून राहिलो. काहून न्हाई बोलली?"

"कोन इचारलं?" ती म्हणाली. मग घुंगट पुढं ओढून, "आन् इचारलं असतं तरी सांगितलं नसतं. बाईचं काम न्हाई ते. लोक म्हनले असते, हेमला नायकाला येत न्हवता, बायको सांगत व्हती."

"म्हंजी बा चुकत व्हता?"

म्हातारीनं पहिल्यांदा मान वर केली. "चुकत न्हवता. थांबत व्हता."

मी सुई पुसायच्या निमित्तानं खाली बघत होतो. माझ्या डोक्यात एकच होतं, की एवढी खटपट करून मी एका म्हातारीची आयुष्यभर झाकलेली गोष्ट तांड्यापुढं मांडली. ते यंत्र जात्यासकट उचलून पळून जावं असं वाटलं. पण जातं घेऊन कुणी पळत नाही.

थावरा उठला आणि आईपुढं जाऊन बसला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. सुनेच्या बापाच्या हातात देईन म्हणाला होता ना, तेच पागोटं. "आता इचारतो," तो म्हणाला. "सांग."

तिनं धागा ओढून गाठ मारली. मग म्हणाली, "आधी लेकराची आई बसते कशी ते बघ. ते न बघता म्हननं व्हत न्हाई. सूनबाई, इकडं ये."

आणि तिथंच शिकवणी सुरू झाली. तव्यावर तीन-चार मिनिटांचा तुकडा होता. तिच्याकडं त्याच्या मागचं-पुढचं सगळं होतं, कंपनीला न मावलेलंसुद्धा. माझ्या यंत्राकडं कुणी बघेना. सबंध जन्मात माझ्या कुठल्या दुरुस्तीचं असं सार्थक झालं नव्हतं.

धुंडीला थावरानं मला बोलावलं. सेनगावकडचे व्याही आपले गेरिया घेऊन आलेच, काठ्यांना तेल लावून. थावरानं त्यांना मानानं बसवलं. सून बाळाला मांडीवर घेऊन बसली, आडवी काठी धरली. मागं बायांत झमकूबाई, घुंगट ओढून. थावरानं सुरू केलं. बापाचाच आवाज, तसाच दणदणीत. एक ओळ, काठ्या. दुसरी, काठ्या. तो अडायची जागा आली आणि तो थांबला.

व्याह्यानं आपल्या माणसांकडं बघितलं. थावरा तसाच उभा, काठी वर धरून, मागं न बघता. श्वासभर नाही, चांगला लांब थांबला.

तेव्हा मागून ती ओळ आली. कुजबुजत नाही. उघड्या आवाजात, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. बाळ त्या आवाजाकडं वळून बघायला लागलं. थावरानं ओळ उचलली, काठ्या पडल्या, आणि सेनगावकडच्या गेरियांनीही आपल्या काठ्या आपटल्या, कारण ताल असा होता की हात थांबेना. पुढं प्रत्येक ओळीला तो थांबला आणि प्रत्येक ओळ आधी तिनं म्हटली.

नंतर पुऱ्या आणि गूळ खाताना मी त्याला हळूच विचारलं, "नायक, खरं सांगा, विसरले का मुद्दाम?"

तो पुरी मोडत म्हणाला, "मिस्त्री, मी बी थांबलो."

यंत्र मी तांड्यातच ठेवलं. त्याला दुसरीकडं कुठं नेणार? दांडीवर नाणं ठेवायचं नाही, एवढी एकच ताकीद दिली. झमकूबाईनं माझ्या पेचकसांसाठी आरशांचा बटवा शिवून दिला. तो दुकानात टांगला तर मागच्या गिऱ्हाइकाचं तोंड मला वळून न बघता दिसायचं, आणि त्यानं किती दिवसांत न्यायला यायचा विचार केला आहे तेही. तो बटवा आता माझ्या टेबलावर आहे. त्यातले दोन आरसे गेले आहेत, बाकीच्यांत दिवा दिसतो आहे.

तेव्हापासून यंत्र उघडण्याआधी मी गिऱ्हाइकाच्या घरात कुणी मागं बसलं आहे का ते बघत असे. त्यांना विचारलं की पुष्कळदा बिघाड तिथंच कळे. त्या म्हातारीचे, सुलेमानभाईंचे, सोनाराचे, नाण्याखालीही तळ शाबूत राहील इतकी खोल चरी ज्या अनोळखी माणसानं हैदराबादला कोरली त्याचेही माझ्यावर उपकार आहेत.

ह्यापुढं मला काहीतरी मोठं लिहायचं होतं, आता आठवत नाही. म्हणून थांबलो आहे. मागून कांता म्हणते, "जात्याची तळी परत आणली न्हाई, ते लिवा."

परत आणली नाही. ती अजून तिथंच आहे, पिंपळाखाली, यंत्राच्या बुडाशी. वरची तळी आमच्या घरी आहे. दर दिवाळीला कांता तिला हळदकुंकू लावते आणि मी ऐकेन इतक्याच आवाजात काहीतरी म्हणते.